पहिला चाकू: भट्टी राहू द्या, कानस घ्या

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी, भाड्याचा फ्लॅट, जागा म्हणाल तर बाल्कनी, शनिवार-रविवार मोकळे आणि हाताशी दहा-बारा हजार रुपये. चाकू बनवायला शिकायचंय. आधी भट्टी घ्यावी की बेल्ट ग्राइंडर (फिरत्या एमरी पट्ट्यावर पोलाद घासायचं यंत्र)? गावाकडे जीपच्या स्प्रिंगचा जुना पाटा पडून आहे, तो चालेल का? दमास्कस, म्हणजे थर जोडून केलेलं नक्षीचं पोलाद, कधी जमेल? आणि पुढेमागे विकता येतील का?

भट्टी घेऊ नका आणि ग्राइंडरही घेऊ नका. निदान पहिले तीन-चार चाकू हातावेगळे होईपर्यंत तरी.

व्हिडिओत लालभडक लोखंड आणि ठिणग्या दिसतात, म्हणून चाकू म्हणजे घणाचं काम असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात चाकू चिरतो तो दोन गोष्टींच्या जोरावर: धारेमागचं पातं किती बारीक आहे आणि पोलादाला पाणी नीट बसलंय का, म्हणजे ते तापवून एकदम थंड करून नीट कडक झालंय का. आकार ठोकून आणला की घासून आणला, याचा चिरण्याशी फारसा संबंध नाही. कारखान्यातून येणारी पट्टी आधीच लाटलेली असते, ती आणखी ठोकून ‘दाट’ होत नाही. उलट नवा हात तिला गरजेपेक्षा चार वेळा जास्त तापवतो, वरच्या थरातला कार्बन जाळतो, आतले कण मोठे करतो आणि चांगलं पोलाद बिघडवून ठेवतो. घडाई शिकावी, ती देखणी विद्या आहे. पण चाकूचा पहिला धडा तो नव्हे.

पहिला चाकू स्वयंपाकघरातला करा, आणि लहान करा. पातं 10-11 सेंटीमीटर, रुंदी तीनेक सेंटीमीटर, मूठ 11 सेंटीमीटर, पट्टीची जाडी 2.5 मिलिमीटर, फार तर 3. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या. नवखी मंडळी सहसा याच्या उलट करतात. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, पाठीवर दाते वगैरे असलेला ‘जंगलचा’ चाकू करायला घेतात, जणू बिबट्याशीच गाठ पडणार आहे. त्याने धड कांदा चिरला जात नाही आणि बिबट्या काही येत नाही. मग तो कपाटात जातो आणि करणाऱ्याला त्यातून कळत काहीच नाही. घरातल्या चाकूसमोर रोज टोमॅटो, भेंडी, आलं येतं. त्याचा दोष त्याच संध्याकाळी घरचेच सांगतात.

आकार आधी जाड पुठ्ठ्यावर काढून कापा. पुठ्ठ्याचा चाकू हातात धरून पाटावर चिरल्यासारखं करून बघा. बोटांची पेरं पाटाला घासत असतील तर पात्याची टाच, म्हणजे मुठीजवळचा खालचा कोपरा, थोडी खाली उतरवा. हे पुठ्ठ्यावर दोन मिनिटांत होतं, पोलादावर होत नाही.

आता पोलाद. पाट्याचं आधी सांगतो, कारण हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. जीप-ट्रकचे पाटे साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बनच्या स्प्रिंग पोलादाचे असतात. बाजारात ज्याला ईएन 45 म्हणतात ते किंवा त्याचेच भाऊबंद. पोलाद चिवट आहे, कोयत्याला आणि कुऱ्हाडीला उत्तम. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी पाट्याचे कोयते करतात ते अगदी बरोबर करतात, कारण कोयता थोडा बोथट झाला तर चालतो, त्याचा टवका उडून चालत नाही. पण तुमच्या कामाला तो पाटा गैरसोयीचा. तो वाकडा आहे, सहा-आठ मिलिमीटर जाड आहे, आधीच कडक केलेला आहे आणि वर्षानुवर्षं खड्डे खाऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. त्या दिसतात पाणी देताना, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर. पाटा जपून ठेवा, पुढे कोयता करायचा झाला तर कामाला येईल.

बांधकामाची सळई पूर्ण विसरा. तिच्यात कार्बन 0.3 टक्क्याच्या आतच असतो, ती पाणी धरत नाही. सिंक किंवा ताटाचं स्टेनलेस तापवून कडक होत नाही. जुन्या कानशीत कार्बन भरपूर असतो, पण दात पूर्ण घासून काढले नाहीत तर त्यांच्या खाचांतूनच तडा सुरू होतो. शिवाय स्वस्तातल्या काही कानशी नुसत्या वरवर कडक असतात, आत मऊ. सुरुवातीला भंगारातलं पोलाद वापरण्यात खरी अडचण ही की चाकू बिघडला तर चूक हाताची होती की मालाची, ते कळायला मार्ग राहत नाही. पहिल्या चाकूला पोलाद जेमतेम अर्धा किलोही लागत नाही. तिथे पैसे वाचवू नका.

नाव-गाव माहीत असलेलं पोलाद घ्या. पाणी बाहेरून देऊन घ्यायचं असेल तर ओएचएनएस. हे टूलरूममध्ये डाय-पंचसाठी रोज वापरलं जातं, त्यात 0.9 टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि ते तेलात कडक होतं. पाणी स्वतः द्यायचं असेल तर ईएन 42 जे किंवा सी 75 जातीचं साधं पोलाद. कार्बन पाऊण टक्क्याच्या पुढेमागे, बाकी मिश्रण जवळजवळ नाही, त्यामुळे ते भट्टीतल्या कमी-जास्त उष्णतेला सांभाळून घेतं. औद्योगिक वसाहतींजवळच्या टूल स्टील व्यापाऱ्यांकडे चौकशी करा. चाकूसाठी पट्ट्या कापून कुरियरने पाठवणारे विक्रेतेही आता आपल्याकडे आहेत. घेताना एकच गोष्ट दुकानातच बघायची: जवळ लहान कानस ठेवा आणि कोपऱ्यावर एकदा ओढा. कानस धरली, चुरा पडला, म्हणजे माल ॲनील केलेला, मऊ आहे. कानस काचेवरून जावी तशी सटकली तर ती पट्टी आधीच कडक केलेली आहे. स्प्रिंगसाठीचा सी 75 बऱ्याचदा असाच येतो. तो परत द्या.

हत्यारं बोहरी आळीत एका फेरीत होतील. मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीट गाठावी. बारा इंची चपटी बास्टर्ड (खरबरीत दातांची) कानस, दहा इंची सेकंड कट (त्याहून बारीक दातांची), एक अर्धगोल, कानशीचा ब्रश, चांगली हॅकसॉ आणि बायमेटल ब्लेड, चार इंची व्हाइस, दोन-चार सी क्लॅम्प, हातातलं ड्रिल, 120 ते 600 नंबरचे एमरी पेपर, चष्मा, मास्क. कानशीत काटकसर नको. फुटपाथवरची स्वस्त कानस एका पात्यात गुळगुळीत होते. चार इंची अँगल ग्राइंडर घेतलात तर बाह्य आकार कापायला घ्या, उतार (पाठीकडून धारेकडे बारीक होत जाणारी बाजू) काढायला नको. एका निसटत्या क्षणात तो पात्यात असा खड्डा पाडतो की तो भरून काढायला पातं दोन मिलिमीटर अरुंद करावं लागतं. त्याचं गार्ड काढून काम करणारे लोक व्हिडिओत दिसतील. त्यांचं ऐकू नका.

आता उतार काढणं. चाकू खरा इथे शिकायला मिळतो.

बाह्य आकार कापून, रेषेपर्यंत घासून झाला की मुठीतली भोकं लगेच पाडून घ्या, कडक झाल्यावर साधं ड्रिल तिथे चालणार नाही. मग धारेची कड मार्करने काळी करा. पट्टी जितक्या जाडीची तितक्याच व्यासाचं ड्रिल बिट घ्या, पट्टी आणि बिट दोन्ही काचेवर आडवे ठेवा आणि बिटचं टोक काळ्या कडेवरून ओढत न्या. टोक बरोबर निम्म्या उंचीवर असतं, त्यामुळे रेघ मधोमध उमटते. पट्टी उलटून परत एकदा ओढा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर मध्य सापडला. त्या मध्याच्या दोन्ही अंगांना मिळून 0.6-0.7 मिलिमीटर पोलाद शिल्लक राहील इथपर्यंतच पाणी देण्याआधी घासायचं. त्याहून बारीक नेलंत तर पाणी देताना कड लाटेसारखी वळते किंवा तडकते. जाड सोडलंत तर नंतर कडक पोलाद घासताना जीव जातो.

पातं लाकडाच्या फळीवर आडवं आवळून ठेवा. कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना उचलून घ्या, घासत आणलीत तर दात मरतात. आधी कडेला चाळीस-पंचेचाळीस अंशांचा ठळक उतार पाडा, दोन्ही बाजूंनी, मधल्या रेघेजवळ येईपर्यंत. नंतर कानस हळूहळू चपटी करत तो उतार पाठीकडे सरकवत न्या. कानशीवर आधी खडू चोळून ठेवला की चुरा दातांत अडकत नाही आणि पात्यावर खोल ओरखडे येत नाहीत. दर काही फेऱ्यांनी पातं उजेडाकडे तिरपं धरून बघा. सपाट भाग एकसारखा चमकतो. जिथे चमक तुटते तिथे हात डुलला आहे. शेवटी कानस दोन्ही हातांनी आडवी धरून पात्याच्या लांबीला ओढा, म्हणजे आधीच्या खुणा निघून जातात. एक पातं असं काढायला एक-दोन सुट्ट्या जातात. यात जो हात तयार होतो तो पुढे ग्राइंडरवर कामी येतो, कारण ग्राइंडर चूकसुद्धा शंभरपट वेगाने करतो.

पाणी देण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण सर्वात जास्त भोंदूपणा याच टप्प्यावर चालतो.

पहिल्या चाकूला माझा आग्रह बाहेरून करून घेण्याचाच. भोसरीसारख्या एमआयडीसीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, हीट ट्रीटमेंटची कामं घेणारे लोक आहेत. त्यांचा दर किलोवर असतो आणि त्यावर एक किमान शुल्क असतं, त्यामुळे एका चाकूला आणि दहा चाकूंना जवळपास तेवढेच पैसे पडतात. आणखी दोन-तीन हौशी लोक गाठा आणि पाती एकत्र द्या. नुसतं ‘हार्ड करून द्या’ म्हणू नका. कागदावर लिहून द्या: पोलाद ओएचएनएस, टेम्परिंगनंतर (कडक पातं परत हलकं तापवून ठिसूळपणा कमी करणं) 59 ते 60 एचआरसी (कडकपणाचं माप), टेम्परिंग दोनदा, पाती उभी टांगून तापवावीत. शेवटची ओळ महत्त्वाची, आडवी रचलेली पातळ पाती हमखास वाकतात. भोकातून तार ओवून दिलीत तर त्यांनाही सोयीचं पडतं.

घरी करायचं तर बाल्कनीत नाही. गावाकडे, मोकळ्या जागी, मातीवर. विटांची छोटी शेगडी, लाकडी कोळसा, हातभाता किंवा लहान ब्लोअर एवढ्यावर काम होतं. तेल मोहरीचं किंवा शेंगदाण्याचं, निदान चार-पाच लिटर, स्टीलच्या उभ्या डब्यात, 50-60 अंशांपर्यंत कोमट केलेलं. थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता सावकाश ओढतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. डब्याचं झाकण हाताशी हवं, कारण तेल पेट घेतं. पेटलं तर झाकण टाकायचं किंवा वाळू. पाणी अजिबात नाही.

काम संध्याकाळी करा. उन्हात रंग फसवतो. पातं शेगडीत पुढेमागे हलवत एकसारखं तापवा आणि अधूनमधून काठीला बांधलेला लोहचुंबक लावून बघा. 770 अंशांच्या सुमारास चुंबक धरेनासा होतो. तिथून आणखी थोडं, सुमारे 810-820 पर्यंत जायचं. अंधारात नीट बघितलंत तर पात्यावर एक सावली सरकताना दिसते: शेगडीची उष्णता मिळत असते पण ती पोलादाचं रूप बदलण्यात खर्ची पडते, म्हणून तो भाग क्षणभर काळपट राहतो. सावली सरकून गेली, रंग एकसारखा झाला की पातं सरळ उभं तेलात, टोक खाली. डावी-उजवीकडे हलवायचं नाही, वाकतं. फक्त पुढेमागे, कापल्यासारखं. मग बाहेर काढून, निवल्यावर कानस ओढा. सटकली तर पाणी बसलं.

पहिल्यांदा चाकूच्या पात्यावर हा प्रयोग करू नका. त्याच पट्टीचा बोटभर तुकडा आधी असाच तापवून तेलात टाका, व्हाइसमध्ये धरा, वर जाड फडका घाला, चष्मा लावा आणि हातोडीने मोडा. मोडलेली जागा मखमली राखाडी दिसली तर उष्णता योग्य होती. खडीसाखरेसारखे चमचमते कण दिसले तर जास्त तापवलंत. असा एखादा तुकडा मोडून पाहिलात की डोळा चटकन तयार होतो.

तेलातून निघालेलं पातं काचेइतकं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. तासाभराच्या आत टेम्परिंगला ठेवा: 200 अंश, दोन तास, निवू द्या, परत दोन तास. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा ओव्हनचा थर्मामीटर ठेवा.

गावातला जुना लोहार हे सगळं थर्मामीटरशिवाय कसं करतो ते एकदा बसून बघा. छिन्नीचं फक्त टोक तो पाण्यात बुडवतो, मागचा भाग लाल ठेवूनच बाहेर काढतो, टोक पटकन दगडावर घासून पांढरं करतो आणि थांबतो. मागची उष्णता टोकाकडे येते आणि पांढऱ्या पोलादावर रंग सरकू लागतात: फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाला पोचला की सगळी छिन्नी पाण्यात. पिवळा म्हणजे 220-230 अंश, निळा म्हणजे 300 च्या आसपास. एकाच तापवण्यात पाणीही आणि टेम्परिंगही. फक्त छिन्नीला जे पाणी चालतं ते आपल्या पातळ पात्याला चालत नाही. ओएचएनएस किंवा सी 75 पाण्यात टाकून तडे पाडून घेऊ नका.

पाणी दिल्यावर काम संपलं असं बहुतेकांना वाटतं, आणि त्यांचे चाकू तिथेच फसतात. धारेची कड अजून 0.6-0.7 मिलिमीटर जाड आहे. ती 0.3 पर्यंत उतरवायची. खरबरीत दगड किंवा सपाट पट्टीवर ताणलेला 120 चा एमरी, भरपूर पाणी आणि चिकाटी. कानस आता लावायची नाही, कानस मरेल. पुढे कधी ग्राइंडरवर हेच कराल तेव्हा हातमोजे काढून करा: बोटाला चटका बसला की पातं बादलीत. एकदा का कडेवर निळा रंग चढला, तिथला कडकपणा गेला, आणि रंग पुसला तरी तो परत येत नाही. पातं पुरेसं बारीक झालं का हे बघायला पितळी सळई घ्या, धार लावल्यावर कड तिच्यावर हलकेच दाबत ओढा. कड किंचित झुकून परत सरळ व्हायला हवी.

धार 1000 नंबरच्या दगडावर, दोन्ही बाजूंनी पंधरा-अठरा अंश. एका बाजूने इतकं घासायचं की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत बर (वळलेली बारीक कड) लागेल, मग बाजू पालटायची, शेवटी चामड्यावर.

मुठीचं काम सोपं आहे. शिसवी, बाभूळ, सागवान, जे सुकं मिळेल ते. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी थिनरने पुसा. शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो, मास्क काढू नका. चार मिलिमीटरची पितळी सळई, सावकाश सुकणारं अरल्डाइट, क्लॅम्प बेताने आवळा, नाहीतर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत कोरडं राहतं. एक पूर्ण दिवस हात लावू नका. मग आकार द्या आणि जवसाचं तेल मुरवा. तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

हा चाकू गंजणार, हे घरात आधीच सांगून ठेवा. जुन्या लोखंडी विळीवर कैरी काळी पडायची, तसंच इथेही होईल. वापरून लगेच पुसायचा, आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट. काही आठवड्यांनी पात्यावर निळसर-करडी छटा बसते, मग त्रास कमी होतो.

दमास्कससाठी दोन पोलादं, त्यातलं एक निकेलवालं, 1200 अंशांच्या वरची भट्टी, टाकणखार आणि ठोकण्याचा भरपूर सराव लागतो. नक्षी फेरिक क्लोराइडने उठते. नक्षीने चाकू जास्त चिरतो हा समज आहे. आणि आपल्या दख्खनचं, तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणपर्यंत गेलेलं जुनं वूट्झ ते हे नव्हे. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद होतं, थर जोडून केलेलं नाही. हा विषय दोन वर्षांनी काढा.

विकण्याचं. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांना परवाना लागतो, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे सुरी आणि कोयता ठीक. खंजीर-तलवारीच्या ऑर्डरी घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश वारंवार निघतात, तेव्हा चाकू पोचवायला जाताना खोक्यात बांधून न्या, खिशात किंवा कमरेला नको.

पण आधी पहिले काही चाकू फुकट वाटा, रोज स्वयंपाक करणाऱ्यांनाच, आणि दोन-तीन महिन्यांनी धार लावून देतो म्हणून परत मागवा. भिंगाखाली कड बघा. कड एका बाजूला लोळली असेल तर पातं मऊ राहिलंय. पाणी कमी बसलं किंवा टेम्परिंग जास्त झालं. बारीक टवके असतील तर पातं ठिसूळ आहे, पुढच्या वेळी टेम्परिंग 10-15 अंशांनी वाढवा. दोन्ही नाही, नुसती बोथट झालीय आणि वापरणारा म्हणतोय की भोपळ्यात अडकतो, तर पाण्यात काही चूक नाही. पातं जाड आहे, परत दगडावर घ्या.